कोणाच्या हातात कोणते कलम: मुंबईतील प्रदूषणाची तक्रार आणि पर्यावरण कायद्यांतील अधिकार

‘तरी संबंधितांवर कडक कारवाई करण्यात यावी, ही नम्र विनंती’ या वाक्याने मुंबईतील प्रदूषणाच्या बहुतेक तक्रारी संपतात, आणि पुष्कळदा तक्रारीही तेथेच संपतात. ‘कडक कारवाई’ या नावाचा कोणताही अधिकार आपल्या पर्यावरण कायद्यांत नाही. माहिती मागवण्याचा, जागेत प्रवेश करून तपासणी करण्याचा, नमुना घेण्याचा, संमती नाकारण्याचा किंवा काढून घेण्याचा, उद्योग बंद करण्याचे निर्देश देण्याचा आणि त्याची वीज व पाणी तोडायला लावण्याचा, असे वेगवेगळे अधिकार कायद्यांत आहेत. प्रत्येकाचे कलम वेगळे, तो वापरणारा अधिकारी वेगळा आणि वापरण्याची रीतही वेगळी. त्यातही अनेक ठिकाणी कायद्याची भाषा ‘निर्देश देता येतील’ अशी आहे, ‘द्यावेच लागतील’ अशी नाही. म्हणजे अधिकाऱ्याला ते कलम वापरायला थेट भाग पाडणे नागरिकाच्या हातात नसते. मात्र, कलम का वापरले नाही याचे कारण ज्या फाइलवर लिहून द्यावेच लागेल, अशी फाइल तयार करणे निश्चितच त्याच्या हातात असते, आणि ती कशी तयार करावी याचेच टप्पे पुढे दिले आहेत.

सोयीसाठी एकच उदाहरण धरू. चेंबूर–गोवंडी पट्ट्यात एक गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या कुंपणापलीकडे रेडी मिक्स काँक्रीटचा प्रकल्प आहे. सिमेंटच्या सायलोतून (साठवणीच्या उंच टाकीतून) धूळ उडते, मिक्सरची धुलाई झाली की पांढरट पाणी नाल्यात जाते आणि रात्री उशिरापर्यंत गाड्यांची ये-जा सुरू असते. हवा, पाणी आणि आवाज या तिन्ही तक्रारी येथे एकाच दारात उभ्या असल्यामुळे हे उदाहरण आपल्या कामाचे आहे.

हे अधिकार आले कोठून

इतिहास थोडक्यातच पाहू, कारण तो माहीत असला की कलमांमधला फरक आपोआप कळतो. पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली, म्हणजे राज्यांच्या ठरावांच्या आधारे करावा लागला. महाराष्ट्राने त्याआधीच १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळही (आजचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) स्थापले होते. केंद्राचा कायदा राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. हवा अधिनियम १९८१ चा आहे. या दोन्ही कायद्यांत सुरुवातीला एक मोठी उणीव होती. कारखाना थेट बंद करण्याचा अधिकार मंडळाला नव्हता; जल कायद्याखाली त्यासाठी न्यायालयात अर्ज करून मनाई मागावी लागत असे. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आला आणि १९ नोव्हेंबर १९८६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ ने लेखी निर्देशाने उद्योग बंद करण्याचा थेट अधिकार केंद्राला दिला. मग १९८७ च्या दुरुस्तीने हवा कायद्यात कलम ३१-अ आणि १९८८ च्या दुरुस्तीने जल कायद्यात कलम ३३-अ आले, आणि तोच अधिकार मंडळांच्याही हाती आला.

हे तीन आकडे, म्हणजे ५, ३१-अ आणि ३३-अ, तक्रारदाराने पाठच करावेत. मंडळाच्या बंदीच्या आदेशावर यांपैकीच कलमे छापलेली असतात.

पहिली पायरी: योग्य टेबल

एकच सविस्तर अर्ज लिहून त्याच्या प्रती मुख्यमंत्र्यांपासून स्थानिक पोलीस ठाण्यापर्यंत सर्वांना पाठवण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यातून होते एवढेच की प्रत्येक कार्यालय ‘सदर अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे’ असे पत्र दुसऱ्याला पाठवते. त्यापेक्षा प्रश्नाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा ज्याच्या हातात कलम आहे त्याच्याकडेच पाठवावा.

प्रकल्पाची धूळ आणि त्याचे सांडपाणी हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. त्याचे मुख्यालय शीवला कल्पतरू पॉइंट इमारतीत आहे. परंतु तक्रार तेथे न देता आपल्या भागाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे द्यावी आणि प्रत प्रादेशिक अधिकाऱ्याला पाठवावी. पाहणीला येणारा क्षेत्र अधिकारी उपप्रादेशिक कार्यालयाचाच असतो. बांधकामाच्या जागेवरील धूळ, पर्जन्यजल वाहिनीत सोडलेले पाणी आणि व्यवसायाचा परवाना हे विषय महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे जातात, म्हणजे चेंबूरसाठी एम पश्चिम आणि गोवंडी–देवनारसाठी एम पूर्व. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ ची कलमे ३९० आणि ३९४ परवानग्यांसाठी आहेत, तर ३५४-अ खाली काम थांबवण्याची नोटीस दिली जाते. रात्रीच्या आवाजासाठी पोलीस. मात्र प्रकल्पाच्या कुंपणालगतची झाडे तोडली गेली असतील, तर तो विषय वेगळ्याच कायद्याखाली, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. तो या तक्रारीत मिसळू नये.

बांधकामाच्या धुळीबाबत महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांचा मजकूर तक्रारदाराला फार उपयोगी पडतो, कारण त्यातील अटी डोळ्यांनी तपासता येतात. एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती किमान ३५ फूट उंच पत्र्याचे कुंपण, त्याहून लहान भूखंडाभोवती २५ फूट, बांधकामाला हिरवे कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुण्याची सोय, असे त्यांचे स्वरूप आहे. ‘फार धूळ होते’ या वाक्यावर अधिकारी वाद घालू शकतो. पत्र्याच्या उंचीवर वाद घालणे कठीण असते.

दुसरी पायरी: संमतीपत्र हातात घेणे

तक्रारीआधी हे काम करावे. बहुतेक जण ते करत नाहीत, आणि माझ्या मते अर्धी लढाई येथेच हातची जाते. सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला जल कायद्याच्या कलम २५ खाली आणि हवेत उत्सर्जन करणाऱ्याला हवा कायद्याच्या कलम २१ खाली मंडळाची संमती लागते. आधी प्रकल्प उभारण्याची आणि मग तो चालवण्याची. प्रदूषणाच्या तीव्रतेवरून केलेल्या लाल, नारिंगी, हिरव्या अशा प्रवर्गांनुसार तिची मुदत ठरत आली आहे. संमतीपत्रात उत्पादनाची क्षमता, किती पाणी वापरायचे आणि किती सोडायचे, धूळ रोखण्यासाठी कोणती यंत्रणा ठेवायची आणि किती रकमेची बँक हमी द्यायची, हे सारे लिहिलेले असते. उल्लंघन हे या कागदाशी ताडून दाखवायचे असते.

हा कागद मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. मंडळाच्या संकेतस्थळावर दिलेली संमतीपत्रे उपलब्ध असतात. तेथे सापडले नाही, तर जल कायद्याच्या कलम २५ चे उपकलम ६ आणि हवा कायद्याचे कलम ५१ यांचा आधार घ्यावा. त्यांनुसार संमतींची नोंदवही ठेवणे मंडळावर बंधनकारक आहे आणि बाधित किंवा हितसंबंधित व्यक्तीला ती पाहता येते. या तरतुदी पन्नास आणि चाळीस वर्षे जुन्या आहेत, म्हणजे माहिती अधिकार कायद्याहून कितीतरी आधीच्या, तरी क्वचितच कोणी त्यांचे नाव घेते. तिसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असे न लिहिता ‘अमुक पत्त्यावरील प्रकल्पाचे चालू संमतीपत्र, मागील दोन वर्षांतील पाहणी अहवाल, विश्लेषण अहवाल, दिलेल्या नोटिसा आणि बँक हमीची स्थिती’ असे मोजून मागावे.

कागद आला की आधी मुदत पाहावी. मुदत संपलेली असेल आणि नूतनीकरण झालेले नसेल, तर धूळ मोजण्याचीही गरज उरत नाही. मग क्षमता पाहावी. त्यानंतर अटींवर एकेक करून पेन्सिलने खूण करीत प्रत्यक्ष काय दिसते ते समासात लिहावे. संस्थेच्या गच्चीवरून सायलोचा माथा दिसत असेल, तर बॅग फिल्टर (धूळ अडवणारी कापडी गाळणी) आहे की नाही हे पाहण्यासाठी दुर्बिणीचीही गरज पडत नाही.

इमारतींचा मोठा प्रकल्प असेल, म्हणजे बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक, तर १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली त्याला पर्यावरणीय मंजुरीही लागते. तिच्या अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो अहवाल आणि वास्तव शेजारी ठेवून वाचणे हा एक उद्बोधक अनुभव असतो.

तिसरी पायरी: नोंदी

किमान तीन आठवडे एक वही ठेवावी. तारीख, वेळ, काय दिसले, किती वेळ चालले, कोणी पाहिले. छायाचित्रांत दिनांक आणि स्थान दिसावे. सायलोमध्ये सिमेंट भरताना धूळ उडते की दिवसभर उडते, हे वहीतूनच कळते, आणि अधिकाऱ्याने कोणत्या वेळी यावे हेही त्यावरूनच सांगता येते. हातात धरायच्या स्वस्त यंत्राचे आकडे कायदेशीर पुरावा म्हणून उभे राहत नाहीत, पण धुळीची वेळ दाखवायला ते पुरेसे असतात. नाल्यातले पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरून कार्यालयात नेणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, तरीही त्या बाटलीचे कायद्याच्या दृष्टीने मोल नाही. का नाही, ते पुढे येईल.

चौथी पायरी: तक्रारीची भाषा

तक्रार एका पानाची असावी. संमतीपत्राचा क्रमांक, मोडलेल्या अटी, वहीतील चार-पाच ठळक नोंदी आणि शेवटी मागणी. मागणीचा मसुदा पुढीलप्रमाणे करता येईल:

‘वरील प्रकल्पाच्या संमतीपत्रातील अट क्रमांक … व … यांचे पालन होत नसल्याचे सोबतच्या नोंदींवरून दिसते. तरी आपण हवा अधिनियमाच्या कलम २४ व जल अधिनियमाच्या कलम २३ खालील अधिकारात सकाळी … ते … या वेळेत पूर्वसूचनेशिवाय तपासणी करावी. जल अधिनियमाच्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा विधिवत नमुना घ्यावा. संस्थेच्या गच्चीवर २४ तासांचे हवामापन करावे. आणि उल्लंघन आढळल्यास कलम ३१-अ व ३३-अ खाली निर्देश प्रस्तावित करावेत. यांपैकी एखादी कार्यवाही आवश्यक वाटत नसल्यास त्याची कारणे आम्हास लेखी कळवावीत.’

शेवटचे वाक्य गाळू नये. त्याच्यामुळे ‘वापरता येईल’ या ढिल्या शब्दाला थोडा पीळ बसतो. पत्र संस्थेच्या शीर्षपत्रावर, व्यवस्थापक समितीच्या ठरावासह, अध्यक्ष व सचिवांच्या सहीने जावे. प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा, आणि तेच पत्र ई-मेलनेही पाठवावे. शिक्षेच्या कलमांचा उल्लेख करू नये. ती अलीकडे बदलली आहेत, आणि चुकीचे कलम लिहिले की उत्तर त्या चुकीवरच येते.

पाचवी पायरी: पाहणी आणि नमुना

या टप्प्यावर थोडे थांबावे लागेल, कारण प्रकरणे सर्वाधिक येथेच ढासळतात.

प्रवेशाचा अधिकार ‘कोणत्याही वाजवी वेळी’ असा आहे. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, आणि त्याला अडथळा आणणे हेच कायद्याचे उल्लंघन ठरते. नमुन्याचे मात्र तसे नाही. पर्यावरण कायद्याचे कलम ११, जल कायद्याचे कलम २१ आणि हवा कायद्याचे कलम २६ यांत नमुना घेण्याची रीत पायरीपायरीने दिली आहे. विश्लेषण करायचे आहे अशी नोटीस जागेवरच मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला द्यायची. त्याच्या समक्ष नमुना घ्यायचा. पात्र सीलबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि ते विनाविलंब प्रयोगशाळेकडे पाठवायचे. सांडपाण्याच्या बाबतीत मालकाने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करायचे. तो मुद्दाम निघून गेला किंवा सही करायला नकार दिला, तर अधिकाऱ्याने एकट्याने सही करून तसे नोंदवायचे. ही रीत पाळली नाही, तर त्या विश्लेषणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. बाटलीचे मोल शून्य का, ते आता कळेल.

मंडळाच्या बोलीत दोन शब्द ऐकू येतात. नेहमीच्या पाहणीत उद्योगाच्या माणसासह घेतलेला नमुना म्हणजे ‘जेव्हीएस’, आणि वरील पूर्ण रीतीने घेतलेला तो ‘लीगल सॅम्पल’. पहिला नोटीस देण्यासाठी उपयोगी पडतो, खटला उभा करायचा तर दुसराच लागतो. पाहणीला आलेल्या क्षेत्र अधिकाऱ्याला यांपैकी कोणता नमुना घेतला हे अदबीने विचारावे आणि उत्तर वहीत लिहून ठेवावे.

हवेबाबत आणखी एक बारकावा आहे. राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील सूक्ष्म धूलिकणांपैकी पीएम १० ची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ची ६० मायक्रोग्रॅम आहे, पण ती २४ तासांच्या सरासरीची आहे. दुपारी साडेबाराला येऊन वीस मिनिटांत ‘धूळ आढळली नाही’ असा शेरा मारून जाणे म्हणजे या मानकाची तपासणी झालेली नाही, आणि तसे पत्र त्याच आठवड्यात द्यावे. पाण्याच्या बाबतीत आकडा संमतीपत्रातच असतो. सर्वसाधारणपणे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. सिमेंट धुतलेले पाणी अल्कधर्मी असते आणि सहज ९ च्या वर जाते, त्यामुळे आपल्या उदाहरणात धुळीपेक्षा पाण्याचे उल्लंघन सिद्ध करणे सोपे असण्याची शक्यता अधिक आहे. तक्रारदाराचा राग धुळीवर असतो, म्हणून तो पाण्याकडे दुर्लक्ष करतो.

सहावी पायरी: नोटिशीपासून कुलपापर्यंत

उल्लंघन आढळले म्हणून दुसऱ्या दिवशी कुलूप लागत नाही, आणि लागूही नये. समोरच्याचे म्हणणे ऐकणे हा कायद्याचा भाग आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या नियम ४ नुसार प्रस्तावित निर्देश लेखी द्यावा लागतो, हरकतीसाठी किमान १५ दिवस द्यावे लागतात आणि त्यानंतर ४५ दिवसांत तो निर्देश कायम करायचा, बदलायचा की सोडून द्यायचा हे ठरवावे लागते. पर्यावरणाला गंभीर हानी पोहोचण्याची शक्यता असेल, तर कारणे लेखी नोंदवून ही संधी वगळताही येते. तक्रारदाराने या तारखा दिनदर्शिकेवर मांडून ठेवाव्यात. नोटिशीचा सोळावा दिवस हा मंडळाला पत्र लिहिण्याचा दिवस असतो.

बंदीच्या निर्देशात वीज आणि पाणी तोडण्याचाही आदेश असू शकतो, आणि खरा दात तोच आहे. निर्देशाची प्रत घेऊन ती वीज कंपनीला आणि महापालिकेच्या जल अभियंता खात्याला रवाना झाली आहे का, हे तपासावे. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा आणि मुलुंड–भांडुप भागात महावितरण असे वेगवेगळे पुरवठादार असल्यामुळे प्रत चुकीच्या कंपनीकडे जाणे ही काही अशक्य गोष्ट नाही. प्रकल्पाच्या मीटरवर कोणाचे नाव आहे हे आधीच टिपून ठेवले, तर आठवडे वाचतात. शिवाय बंदीचा निर्देश डिझेल जनरेटरलाही लागू आहे, असे स्पष्ट लिहून घेण्याचा आग्रह धरावा. टँकरचे पाणी आणि जनरेटरची वीज यांवर चालणारा उद्योग मुंबईला नवा नाही.

आवाज आणि किनारा

आवाजासाठी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आहेत, आणि तेही पर्यावरण कायद्याखालीच केलेले आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबलने किंवा त्याहून अधिक असेल, तर नियम ७ खाली प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी नाव सर्वतोमुखी होते, ही भीती खरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरातील रहिवाशांच्या याचिकेवर ध्वनिवर्धकांच्या संदर्भात दिलेल्या निकालात तक्रारदाराची ओळख उघड करू नये असे पोलिसांना बजावले आहे. त्या निकालाचा उल्लेख अर्जात करावा.

माहीम, वर्सोवा, मनोरी किंवा ठाणे खाडीच्या काठावर भराव पडत असेल, तर मंडळाचे टेबल सोडून महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे. १९९१, २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचना पर्यावरण कायद्याच्या कलम ३ खाली निघाल्या आहेत, आणि याच कलमाखाली नेमलेल्या प्राधिकरणाला कलम ५ चे निर्देश देता येतात. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल फार भक्कम आहे. कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा त्यात सांगितला आहे. अशा तक्रारीसोबत जुनी आणि नवी उपग्रह छायाचित्रे शेजारी लावावीत. भरावाचे डंपर रात्री येतात, छायाचित्र मात्र वर्षभरानंतरही बोलते.

सातवी पायरी: पैशाचे दोन हिशेब

दंड आणि नुकसानभरपाई यांची गल्लत वकीलही करतात. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने पर्यावरण कायद्याच्या कलम १५ मधील तुरुंगवास काढून त्याजागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांची शास्ती आणली, आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. ती शास्ती न्यायदंडाधिकारी लावत नाही. सचिव दर्जाचा न्यायनिर्णय अधिकारी ती ठरवतो, आणि ती न भरल्यास मात्र पुन्हा कारावासाची तरतूद आहे. हवा कायद्यातही त्याच वेळी असेच बदल झाले. पूर्वी नागरिकाने ६० दिवसांची नोटीस देऊन थेट फौजदारी न्यायालयात जाण्याचा जो मार्ग होता, त्याचे व्यावहारिक महत्त्व या बदलामुळे बरेच घटले आहे. पंधरा लाख हा आकडा कोट्यवधींच्या प्रकल्पाला जड नाही, हे मान्यच करावे लागेल.

दुसरा हिशेब पर्यावरणीय नुकसानभरपाईचा. ती आकारण्याचा अधिकार मंडळांना आहे की नाही, यावर बराच काळ वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात निर्णय दिला की कलम ३३-अ आणि ३१-अ खाली मंडळांना भरपाई वसूल करता येते आणि आगाऊ बँक हमीही मागता येते, मात्र त्यासाठी नियम केलेले असले पाहिजेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात उद्योगाचा प्रवर्ग, त्याचा आकार, शहराच्या लोकसंख्येनुसार वाढणारा गुणक आणि उल्लंघनाचे दिवस यांचा गुणाकार असतो. आपल्या वहीचा खरा उपयोग या शेवटच्या घटकासाठी आहे. ‘गेल्या कित्येक महिन्यांपासून’ या शब्दांना गुणता येत नाही, तारखांना येते.

आठवी पायरी: अधिकार वापरलाच नाही तर

तीस-चाळीस दिवसांत काहीच हालचाल दिसली नाही, तर माहितीच्या अधिकारात तक्रारीवरील टिपणीच्या प्रती मागाव्यात. कोणत्या टेबलावर किती दिवस कागद राहिला, ते त्यातून कळते. पुढचा दरवाजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा. मुंबईसाठी त्याचे पश्चिम क्षेत्रीय खंडपीठ पुण्यात आहे. जल, हवा, पर्यावरण संरक्षण, वनसंवर्धन, जैवविविधता अशा सात कायद्यांपुरतेच त्याचे क्षेत्र आहे.

तेथे मुदत निर्दयपणे मोजली जाते. न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम १४ खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि पुरेशा कारणासाठी आणखी ६० दिवस मिळतात. भरपाई व पूर्वस्थितीसाठी कलम १५ खाली पाच वर्षे आहेत. एखाद्या आदेशाविरुद्ध कलम १६ खालील अपील ३० दिवसांत. मंडळाला स्मरणपत्रे पाठवीत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, आणि अनेक चांगली प्रकरणे याच गैरसमजात बुडाली आहेत. भरपाईची मागणी नसलेल्या अर्जाला एक हजार रुपये शुल्क आहे. वकिलाशिवाय स्वतः उभे राहता येते.

किती वेळ लागेल याचा अंदाज चेंबूरजवळच्या माहुलच्या प्रकरणावरून घ्यावा. तेथील व अंबापाडा येथील हवेबाबतचा अर्ज २०१४ चा. रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये नोंदवले, आणि चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवायला ऑगस्ट २०२० उजाडले. तो आदेशही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. उलटपक्षी, देवनारच्या कचऱ्यावरील एका वृत्तलेखावरून न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली होती, आणि तसे करण्याचा त्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी महापालिकेच्याच प्रकरणात मान्य केला. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही या सगळ्यात शाबूत आहे, पण आधी टेबलांच्या पायऱ्या चढला होतात का, हा प्रश्न तेथे पहिलाच विचारला जातो.

न्यायाधिकरणाचा आदेश मिळूनही तो पाळला गेला नाही, तर न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम २५ खाली तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, आणि कलम २६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, कंपनीला पंचवीस कोटींपर्यंत.

बंद झालेला प्रकल्प बहुधा काही आठवड्यांत ‘सशर्त पुन्हा सुरू करण्याच्या’ आदेशावर परत येतो. या आदेशाची प्रत तक्रारदाराला आपणहून कोणी पाठवत नाही, म्हणून बंदीचा निर्देश हाती आल्याच दिवशी ‘पुनःप्रारंभाचा अर्ज आल्यास निर्णयापूर्वी आम्हासही ऐकावे आणि आदेशाची प्रत द्यावी’ असे पत्र उपप्रादेशिक कार्यालयात आवक करून ठेवावे. नव्या अटी, नवी बँक हमी आणि अटी पूर्ण करण्याच्या तारखा त्या आदेशात असतात. जुनी वही संपली असेल, तर पहिला मिक्सर फाटकातून आत येईल त्या सकाळी नवी उघडावी आणि पहिल्या पानावर त्या तारखा उतरवून घ्याव्यात.